कुमुदिनीबाईंनी तीन परके शोधले त्याची हकिकत

श्रीगजाननास वंदन करून, मग गावच्या टेकडीवरील देवीस वंदन करून, जिच्या शेजारी मोबाईलचा मनोरा उभा आहे आणि जिच्या कृपेने रेंज येते व जाते, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, दिवाळीचा पाडवा, येथून शके १९४७ विश्वावसूनाम संवत्सर, वैशाख मास, येथवर जे वर्तमान घडले ते लिहिले आहे. डोळ्यांनी पाहिले ते पाहिले म्हणून लिहिले, कानी आले ते दोन मुखांनी ताडून मग लिहिले, आणि जे ताडता आले नाही ते सोडून दिले.

एक राज्य होते. राज्य लहान, एका तालुक्याएवढे, परंतु माणसे एकमेकांत ऐसी गुंतलेली की लग्नाच्या पंगतीत वाढणारा आणि जेवणारा यांत नाते निघाले नाही ऐसे कधी झाले नाही. त्या राज्याच्या वर आणखी एक मोठे राज्य पसरलेले होते, त्यास लोक महाबाजार म्हणत. त्या बाजारास वेस नाही, भिंत नाही, आठवड्याचा वार नाही. मोबाईल उघडला की बाजार उघडला. त्याचा धनी कोणी पाहिला नव्हता. त्यास हुजूर म्हणत. हुजुरांचे खलिते ईमेलाने येत, त्यांवर सही कोणाची नसे, आणि तळाशी लिहिलेले असे की या पत्रास उत्तर पाठवू नये. या महाबाजारात एक रिवाज होता. ज्यास हुजुरांची सनद मिळे त्याने बाजारातील वस्तूंचा दुवा, ज्यास लोक लिंक म्हणतात, तो आपल्या खुणेसह चार लोकांत पाठवावा, आणि त्या दुव्यावरून कोणी ती वस्तू घेतली की हुजुरांनी सनदवाल्यास कमिशन द्यावे. दुकान घालावे लागत नसे, माल भरावा लागत नसे. कोणती वस्तू घ्यावी हे सांगावे, इतकेच.

आता सांगणे ही गोष्ट कुमुदिनीबाई सातपुते तीस वर्षे करीत आल्या होत्या. वय चौपन्न, चष्मा कपाळावर, आणि स्वयंपाकघरातील कोणतीही वस्तू तीन आठवडे स्वतः वापरल्यावाचून तिच्याविषयी बरे अगर वाईट बोलायचे नाही हा त्यांचा नेम. राज्यात कोणाच्या मुलीचा संसार मांडायचा जाहला की आधी बाईंकडे माणूस येई, आणि मग बाई सांगत, या कुकरची शिट्टी चिकटते, त्या तव्याचा दांडा सहा महिन्यांत हलतो, ही किसणी घ्या पण बोटे सांभाळा. आणि लोक तैसेच घेत, आणि दुकानदार बाईंना पाहून उठून उभे राहत. मात्र यास काम असे कोणी कधी म्हटले नव्हते. त्यांचे यजमान मुकुंदराव हे एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीस चार वर्षे उलटली तरी घरात बोलताना फलाटावर गाडी लागल्याची घोषणा करावी तैसे बोलत. पाडव्याच्या दिवशी कन्या नेत्रा शहराहून आली, तिने आईच्या नावे अर्ज भरला, आणि म्हणाली, "आई, तू जे इतकी वर्षं फुकट सांगत आलीस ना, त्याचाच हा धंदा आहे." त्यावर मुकुंदराव वर्तमानपत्रामागून बोलिले, "कढई कुठली घ्यावी हे सांगणं, याला धंदा म्हणतात? मग मी रोज दहा जणांना पोस्ट ऑफिस कुठंय ते सांगतो. मलाही द्या म्हणावं सनद." हे बोलणे विनोदाने जाहले, परंतु बाईंस लागले. त्यांनी करंजीचे तबक मुकुंदरावांच्या पुढून उचलून नेत्राच्या पुढे ठेविले.

सनद आली, ती कच्ची आली. तीत हुजुरांनी अट घातली होती की आजपासून एकशे ऐंशी दिवसांत या दुव्यांवरून निदान तीन खरेद्या व्हाव्यात, म्हणजे सनद पक्की. न जाहल्यास सनद रद्द, आणि त्या नावास पुन्हा मिळणे नाही. आणि खाली बारीक अक्षरात, स्वतः अथवा आप्तांनी केलेली खरेदी धरली जाणार नाही. नेत्राने दिवस मोजले, ते वैशाख शुद्ध चतुर्थीस संपत होते. बाईंनी ती तारीख कॅलेंडरावर, गॅसच्या नोंदीच्या शेजारी, तांबड्या पेनाने लिहिली. सनद टिकली तर तीस वर्षांचे सांगणे हे काम होते ऐसे ठरणार, आणि गेली तर मुकुंदरावांचे ते पोस्ट ऑफिसचे वाक्य या घरात जन्मभर राहणार, हे त्यांनी मनात पक्के जाणले.

मग पहिली मोहीम निघाली. भिशीच्या प्रमुख शैलाबाई काळभोर, शाळेत मुख्याध्यापिका, आवाज खडा, राज्यातील सर्व बायका त्यांच्या शब्दात. बाईंनी बिडाच्या एका कढईचा दुवा तयार केला, जी कढई त्या स्वतः सहा महिने वापरीत होत्या, आणि शैलाबाईंस दाखविला. शैलाबाई बोलिल्या, "कुमुदताई, तुम्ही ग्रुपवर नुसती लिंक टाका. पुढचं माझ्याकडे लागलं. तीन म्हणजे काय, तीन तर माझ्या जावाच आहेत." आणि तैसेच जाहले. दुवा सकाळी दहास पडला आणि दुपारच्या चहापूर्वी सतरा कढयांची मागणी गेली. भिशीत उत्साह इतका की एकीने कढईच्या ऐवजी चुकून चादर मागविली, मग ती परत करून कढई मागविली. आता या बायकांपैकी कोणी शाळेत, कोणी बँकेत, कोणी तहसील कचेरीत. दिवसा घरी कोणी नसे. तेव्हा सर्वांनी एकच शहाणपणा केला. पार्सल घ्यायला घरी कोण असते, तर कुमुदताई असतात, म्हणून पत्ता सर्वांनी कुमुदताईंचा दिला. पाचवे दिवशी महाबाजाराचा हलकारा दुचाकीवरून आला, मग पुन्हा आला, मग टेम्पो घेऊन आला, आणि बाहेरच्या खोलीत सतरा खोकी एकावर एक रचली गेली. मुकुंदरावांस आपल्या खुर्चीपर्यंत जाण्यास वाट राहिली नाही. ते उंबऱ्यात उभे राहून बोलिले, "सतरा कढया एका घरात. तुझ्या हुजुरांना वाटेल इथे लष्कर जेवतंय." बाई बोलिल्या, "तुम्ही जरा त्या बाजूने सोफ्यावरून या."

तिसरे दिवशी खलिता आला. आपल्या सनदेवरील सतरा खरेद्या स्वतः अथवा आप्तांच्या दिसतात, सबब रद्द धरल्या आहेत. ऐसे पुन्हा घडल्यास सनद जप्त होईल. कारण याहून अधिक लिहिले नव्हते, आणि पत्रास उत्तर पाठवायचे नव्हते. कढया बायकांस पोहोचल्या आणि त्यांत भाज्याही उत्तम जाहल्या, परंतु हुजुरांच्या दप्तरी आकडा शून्य. शैलाबाई फणफणत आल्या. "आप्त? आम्ही कुठल्या आप्त? आम्ही मैत्रिणी." त्यावर बाईंनी वही काढून हिशेब मांडिला. सतरांपैकी नऊ सासरकडून नातलग, पाच माहेरकडून, दोघी मानलेल्या बहिणी, आणि सतराव्या खुद्द शैलाबाई, ज्यांच्या दिरास बाईंची चुलतमावशी दिलेली. बाई बोलिल्या, "हुजूर लांब बसलाय, पण त्याला सगळं कळतं हो. खोटं काय लिहिलंय त्यानं?" आणि त्या दिवशी बाईंनी नेम केला की येथून पुढे दुवा द्यावयाचा तो परक्यासच, आणि ज्याच्याशी दूरचेही नाते निघेल त्यास दुवा दाखवायचा नाही. मुकुंदराव बोलिले, "परका? तुला? अगं, तू मोर्चात गेलीस तरी पोलिसांत तुझा भाचा निघेल."

परका शोधावयास बाई स्वतः बाहेर पडल्या. पौष मासात जिल्ह्याच्या गावी जाण्याच्या एसटीत बसल्या आणि मुद्दाम अनोळखी बाईच्या शेजारची जागा धरली. त्या बाई अनसूयाबाई, चाळिशीच्या, मांडीवर पिशवी, चेहरा अगदी नवा. गाडी सुटली, आणि पहिल्याच थांब्याआधी अनसूयाबाईंनी आपण होऊन सांगितले की त्यांचा मिक्सर जळाला आहे आणि कोणता घ्यावा ते कळत नाही. बाईंनी पर्समधून मोबाईल काढला, मिक्सरविषयी सर्व सांगितले, भांड्याचे झाकण कोणत्या कंपनीचे उडते तेही सांगितले, लिंक पाठविते म्हणाल्या, आणि त्यासाठी नंबर विचारावा, तर तोंडातून सवयीने दुसरेच निघाले. "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?" "मी निमगावची." "निमगावात कुणाच्या?" "पवारांची. बापू पवारांची थोरली सून." "बापू पवार म्हणजे ज्यांची धाकटी मुलगी करंदीला दिली?" "हो! तीच माझी नणंद." बाईंनी डोळे मिटले. ती नणंद करंदीस ज्यांना दिली होती ते बाईंचे सख्खे मामेभाऊ होते. अनसूयाबाई आनंदाने ओरडल्या, "म्हणजे तुमच्या वहिनीची मी वहिनी! अहो, मग आधी नाही का सांगायचं?" आणि त्यांनी पिशवीतून डबा काढून तिळाची वडी बाईंच्या हातावर ठेविली. बाईंनी वडी खाल्ली, मोबाईल पर्समध्ये ठेविला, आणि जिल्ह्याच्या गावातील एका दुकानाचे नाव सांगून मिक्सर तेथून घ्या, म्हणून सांगितले. अनसूयाबाई बोलिल्या, "पण तुम्ही लिंक का काय म्हणत होता?" बाई बोलिल्या, "ती घरच्यांसाठी नाही हो."

असे दोन वेळा नव्हे, सात वेळा घडले. एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे एक गृहस्थ भेटले, गालात कापूस, तोंडातून शब्द निघत नव्हता, म्हणून त्यांच्याकडून नाते निघण्याचे भय नव्हते. बाईंनी कागदावर लिहून त्यांस लोणच्याच्या बरणीचा दुवा देऊ केला, गृहस्थांनी मान हलवून रुकार दिला, आणि इतक्यात कंपाउंडरने त्यांचे पूर्ण नाव पुकारले, ते नेमके बाईंच्या मावससासऱ्यांच्या जावयाचे. घरी येऊन बाईंनी हा पराभव सांगितला तेव्हा मुकुंदराव इतके हसले की चहा सांडला. मग ते हसणे थांबवून बोलिले, "तू विचारतेसच कशाला? गप्प बसावं." बाई बोलिल्या, "माणूस समोर बसलंय आणि कुठलं ते विचारायचं नाही? तोंड शिवून घेऊ का मी?"

तेव्हा नेत्राने फोनवर मसलत दिली. "आई, जो तुला दिसतो त्याला तू विचारणारच. तेव्हा न दिसणारे वाचक शोध. लिही." आणि तिने इंटरनेटावर आईच्या नावे एक पान काढून दिले. बाई सकाळी कामे उरकून लिहावयास बसू लागल्या. पहिला लेख, चकली तुटते त्यात सोऱ्याचा दोष किती आणि भाजणीचा किती. लिहिण्याची रीत ऐसी की वस्तूचे दोष आधी, गुण मागून, आणि शेवटी दुवा, आणि दुव्याखाली एक ओळ, की यावरून घेतल्यास मला कमिशन मिळते, तसे नको असेल तर हाच सोऱ्या भांड्यांच्या दुकानातही मिळतो. मुकुंदरावांनी तो लेख वाचून चष्मा काढिला. "सोऱ्याची मूठ गुळगुळीत आहे आणि तेलकट हातातून निसटते, हे तू पहिल्या ओळीत लिहिलंस?" "निसटते तर." "आणि दुकानातही मिळतो म्हणून लिहिलंस. अगं, गिऱ्हाईक बोलावतेस की हाकलतेस?" बाई बोलिल्या, "तुम्ही फलाटावर उशिराची गाडी वेळेवर आहे म्हणून सांगत होता का?" त्यावर मुकुंदरावांनी चष्मा पुन्हा लावून वर्तमानपत्र उघडले, कारण क्वचित सांगत होते.

आणि रथसप्तमीच्या दिवशी हुजुरांच्या दप्तरी एकचा आकडा उमटला. कोण्या परक्याने, कोण्या दूरच्या मुलखात, तो लेख वाचून निसटत्या मुठीचा सोऱ्या विकत घेतला होता. बाईंनी देवापुढे साखर ठेविली, मग नेत्रास फोन करून पहिले वाक्य विचारिले, "कुठला असेल गं तो?" नेत्रा बोलिली, "आई, नाव दिसत नाही. आणि तेच बरं आहे." फाल्गुनात धिरड्याच्या तव्याचा लेख जाहला, त्यावर दुसरा आकडा आला. मुकुंदराव आता वरकरणी वर्तमानपत्र वाचीत, परंतु रोज दुपारी सहज विचारीत, "आकडा काय म्हणतोय?" आणि बाई सहज सांगत, "तिथंच आहे." मग संवत्सर पालटले, गुढ्या उभ्या राहिल्या, चैत्र गेला, आणि आकडा दोनावरच राहिला. वैशाख लागला. शैलाबाई रोज येऊन बसत आणि रोज म्हणत, "मी माझ्या भावाच्या मेव्हण्याला सांगते, तो गुजरातेत असतो, त्याला कोण ओळखतंय?" आणि बाई रोज म्हणत, "मी ओळखते. तुमच्या वहिनीच्या डोहाळजेवणाला आला होता."

वैशाख शुद्ध तृतीया, अक्षय्य तृतीयेचा दिवस, मुदतीस एक दिवस राहिला, घरात आंब्यांचा वास, सकाळी साडेनऊचा सुमार. बाई रसासाठी आंबे पिळीत होत्या, शैलाबाई कोयी वेगळ्या करीत होत्या, आणि फोन वाजला. हात रसाने भरलेले म्हणून मुकुंदरावांनी तो उचलून स्पीकरवर धरला. पलीकडून एक जवान माणूस बोलिला, "नमस्कार काकू. तुमच्या पानावर नंबर होता म्हणून फोन केला. मी प्रल्हाद. इकडे उत्तरेत, बर्फाच्या मुलखात बोगद्याच्या कामावर इंजिनिअर आहे. तुमचं चकलीचं वाचलं. मला पुरणयंत्र घ्यायचंय. मी मूळचा—"

"थांबा!" बाई इतक्या मोठ्याने बोलिल्या की शैलाबाईंच्या हातची कोय खाली पडली. "गाव सांगू नका."

"का हो काकू?"

"आडनावसुद्धा सांगू नका. आईचं माहेर तर मुळीच नको. कामाचं बोला."

प्रल्हादराव गोंधळले, मग हसले, मग कामाचे बोलिले. बरोबर राहणारे दोन सोबती आहेत, एक बंगालचा, एक केरळचा. ते आपापल्या सणाला आपापले काही करून घालतात. याची पाळी आली की हा बाहेरून बिर्याणी मागवितो, आणि ते दोघे त्यास हसतात, की तुमच्या मुलखात सण बिर्याणीचाच असतो काय. तेव्हा यंदा पुरणपोळी करून दाखवायची, आणि त्यासाठी सर्वांत मोठे पुरणयंत्र, स्टीलचे, तीन जाळ्यांचे, ते घ्यायचे. "तेवढी लिंक द्या काकू, आत्ता ऑर्डर करतो." शैलाबाईंनी दोन्ही हात जोडून छताकडे पाहिले. मुकुंदरावांनी फोन बाईंच्या तोंडाशी आणखी जवळ नेला. तीन जाळ्यांच्या त्या यंत्राचा दुवा दोन महिन्यांपासून तयार होता. यंत्रही चांगले होते. बाईंनी हातातला आंबा खाली ठेविला. मग विचारिले, "माणसं किती म्हणालात?" "तिघं." "वर्षातून किती वेळा करणार?" "दोनदा. फार तर तीनदा." शैलाबाई खुणेने सांगू लागल्या, मोठे, मोठे. बाई बोलिल्या, "मग यंत्र घेऊ नका."

शैलाबाईंनी रसाचा हात कपाळास लाविला.

बाई बोलिल्या, "ते यंत्र वीस माणसांच्या घराला. तिघांच्या पुरणाला यंत्र काढायचं, धुवायचं, जाळीतली डाळ टोकरायची, तुम्ही दुसऱ्यांदा काढणार नाही. स्टीलची चाळण घ्या. डाळ गरम असतानाच चाळणीवर घ्या आणि वाटीच्या बुडानं घासा. पाच मिनिटांत मऊ पुरण." "माझ्याकडे चाळण नाही काकू. तिचीच लिंक द्या की." "चाळणीची नाही माझ्याकडे. जी मी वापरून बघितलेली नाही तिची मी देत नाही." तेव्हा मुकुंदराव मध्येच बोलिले, आणि आवाज फलाटाचा होता, "अगं, भिंतीवर ती लटकलीय ती काय आहे? लग्नातली तीच ना? तिला तीन आठवडे झाले नाहीत का अजून?" बाईंनी वळून पाहिले. चाळण एकतीस वर्षे त्याच खिळ्यावर होती, आणि आजवर एक तारही सुटलेली नव्हती. मग धावपळ जाहली. शैलाबाईंनी हात धुऊन चाळणीमागचे कारखान्याचे नाव वाचले, नेत्रास फोन लागला, त्याच कारखान्याची चाळण महाबाजारात सापडली, दुवा तयार जाहला, आणि बाईंनी त्याखाली आपल्या रीतीने लिहिले, कडेस धार आहे, धुताना जपावे. प्रल्हादरावांनी ती घेतली. दुपारी रस-पोळीचे जेवण चालू असता आकडा तीन जाहला, आणि चतुर्थीस खलिता आला की सनद कायम. मुकुंदराव ओसरीवर जाऊन उभे राहिले आणि सर्व आळीस ऐकू जाईल ऐसे बोलिले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! सातपुत्यांची सनद वेळेवर लागलेली आहे!" आळीतून दोन खिडक्या उघडल्या, एकीने विचारिले, कुठली गाडी म्हणून. बाई आत पदर तोंडाला लावून हसत होत्या.

हे येथेच संपावयाचे, परंतु नवव्या दिवशी प्रल्हादरावांनी पोळीचे छायाचित्र पाठविले. पोळी एका अंगाने करपलेली, आकार एखाद्या तलावासारखा, आणि मागे बंगाली सोबती दोन्ही हातांनी खाताना. बाईंनी लगेच फोन लाविला, तारीफ केली, आच मंद ठेवा म्हणून सांगितले, आणि मग नऊ दिवस दाबून धरलेले ते तोंडातून निघाले. "आता बोला. मूळचे कुठले?" "पिंपळखुट्याचा." "पिंपळखुट्यात कुणाकडचे?" "शेलारांचा भाचा मी. दाजी शेलार माझे मामा." दाजी शेलारांस मुकुंदरावांची चुलत बहीण दिलेली होती, आणि त्या लग्नात बाईंनी स्वतः पाटपाणी केले होते, ते त्यांनी सांगितले. प्रल्हादराव बोलिले, "म्हणजे मामींचे भाऊ ते माझे मामाच की! मग तुम्ही मामी. अहो मामी, मी तर तुम्हाला काकू म्हणत होतो!" ते फार आनंदले. बाईही आनंदल्या, लग्न कधी करणार विचारिले, आणि फोन ठेवून खाली बसल्या. तिसरा खरेदीदार आप्त निघाला होता.

मुकुंदराव बोलिले, "हुजुराला काय कळतंय? सनद पक्की झालीय. गप्प बस." शैलाबाई बोलिल्या, "आणि घेताना कुठं माहीत होतं?" नेत्राही फोनवरून तेच बोलिली. बाईंनी सर्वांचे ऐकून घेतले आणि मग बोलिल्या, "सोऱ्याची मूठ निसटते ते मी पहिल्या ओळीत लिहिते. मग हे कुठल्या ओळीत लपवू? नेत्रा, कुठं कळवायचं ते शोध." मुकुंदरावांनी पाणी आणून बाईंच्या हातात दिले आणि ते शेजारी बसले. नेत्राने महाबाजाराच्या दप्तरात शोधून एक फॉर्म काढला. त्यात लिहिलेले, खरेदीदाराशी आपले आप्तनाते असल्यास खालील यादीतून निवडावे. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि यादी वाचू लागल्या. पती अथवा पत्नी. आई अथवा वडील. अपत्य. सख्खे भावंड. त्याच पत्त्यावर राहणारे अन्य कोणी. पुढे काही नव्हते. त्यांनी बोटाने पान वर सरकविले, पुन्हा सरकविले. "पुढचं उघडत नाहीये गं नेत्रा. रेंज गेली वाटतं." "संपली यादी, आई." "अगं, चुलत नणंदेच्या नणंदेचा मुलगा कुठाय?" "नाहीये. खाली वाच. यापैकी कोणी नसल्यास कळविण्याचे प्रयोजन नाही. तुझी सनद पक्कीच आहे."

शैलाबाईंस प्रथम कळले. त्या उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे आम्ही सतराजणी आप्त नव्हतोच? मग आमच्या कढया का बाद केल्या?" नेत्रा बोलिली, "काकू, सतरा कढया एकाच पत्त्यावर मागवल्यात. त्याला वाटलं आईनंच घेतल्या." मुकुंदरावांनी कोणाकडे न पाहता मिशीवरून हात फिरविला. सहा महिने बाईंनी ज्यांना ज्यांना दुवा नाकारला ते सर्व परके होते, ऐसा हुजुरांच्या दरबारचा निवाडा. शैलाबाई हसत सुटल्या, मुकुंदराव हसले, फोनमधून नेत्राही हसली. बाई मात्र अजून ती यादी पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हते, एक कळवळा होता. त्या बोलिल्या, "केवढा बाजार, केवढी सत्ता, आणि माणसं बघा बिचाऱ्याची. पाचच. आत्या नाही, मामी नाही, साधा मावसभाऊ नाही. याच्या घरी लग्न निघालं तर अक्षता टाकायला कोण येत असेल हो?" मग फॉर्मच्या तळाशी सूचनेकरिता एक मोकळा चौकोन होता, त्यात त्यांनी एका बोटाने लिहिले, यादी फार लहान आहे, मामीपासून सुरुवात करून वाढवावी, अडल्यास मला विचारावे; आणि खाली आपला नंबर घालून पाठवून दिले.

येणेप्रमाणे सनद कायम जाहली, सांगणे हे काम ठरले, आणि राज्यात त्यावर वाद उरला नाही. चौकोनातील मजकुरास हुजुरांकडून उत्तर आलेले नाही. बाई वाट पाहत आहेत. इति लेखनसीमा, वैशाख वद्य, शके १९४७.